आजोबांची पुस्तकं विकायचीयेत, पण टेम्पो बोलवायच्या आधी

या महिन्यात जुन्या पुस्तकांचेच प्रश्न बरेच आलेत, सगळे आपल्याच भागातले, म्हणून एकत्र घेते.

प्रश्न : नमस्कार ताई, साताऱ्यात शनिवार पेठेत आमचं जुनं घर आहे, ते डेव्हलपमेंटला दिलंय, दिवाळीपर्यंत रिकामं करायचंय. आजोबा हायस्कूलला संस्कृतचे मास्तर होते. त्यांची दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत आणि माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक. लाल कापडात बांधलेल्या पोथ्या आहेत, मोल्सवर्थची डिक्शनरी, ज्ञानकोशाचे खंड, किर्लोस्कर मासिकाचे बाइंड केलेले अंक, पारसनिसांच्या इतिहाससंग्रहाचे अंक, आणि ट्रंकेत मोडी कागदांचं बाड, मोडी आमच्यात कोणालाच येत नाही. रद्दीवाल्याने वजनावर भाव सांगितला. मग ओळखीतून एक जण आले, त्यांनी अर्धा तास बघून सगळ्याचे मिळून पंचवीस हजार देतो, रविवारी टेम्पो आणतो म्हणून सांगितलं. एका पोथीवर १८१२ साल आहे म्हणजे दोनशे वर्षांच्या वर झाली ना? मिसेस म्हणतात देऊन टाका, आत्या म्हणते माझ्या वडिलांची पुस्तकं विकायची नाहीत. काय करू? — एक वाचक, सातारा

उत्तर : दादा, रविवारचा टेम्पो आधी थांबवा. त्या गृहस्थांना सांगा की यादी करतोय, झाली की तुम्हालाच पहिली पाठवतो. ज्याला खरंच घ्यायचंय तो थांबतो. मी त्यांना फसवे म्हणत नाहीये, पंचवीस हजार कदाचित रास्तही असतील, पण आपण नक्की काय विकतोय हेच आपल्याला माहीत नसेल तर भाव बरोबर की चूक हे ठरवायचं कशावरून. सध्या एवढंच माहितीये की ज्याने अर्धा तास बघितलं त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळलंय.

आता ते १८१२. त्या आकड्याच्या आधी "शके" लिहिलंय का बघा, बहुतेक असणारच. शके असेल तर ७८ मिळवायचे, म्हणजे पोथी १८९० ची. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांवर शकच जास्त असतो आणि घरोघरी हा घोळ होतो. मुंबईच्या वेंकटेश्वर प्रेसची संस्कृत पुस्तकं असतील (संस्कृतच्या मास्तरांकडे असणारच) तर त्यावर विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा करायचे. आणि आतल्या पानावर "सन १८६७ चा २५ वा ॲक्ट" असं काही छापलेलं दिसलं तर पुस्तक १८६७ च्या नंतरचंच, कारण तो पुस्तकं रजिस्टर करायचा कायदाच त्या सालचा. मराठीत छापलेलं खरोखर १८१२ चं काही निघालं तर ती मोठी बातमी होईल, कारण मिशनरी विल्यम कॅरेचं मराठी व्याकरण बंगालमध्ये सेरामपूरला छापलं ते १८०५ मध्ये आणि मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर पंचांग काढलं ते १८३१ च्या सुमारास, त्याच्या आधीची मराठी छपाई अगदी थोडी आहे.

पोथ्यांचं अजून एक बघायचं, हाताने लिहिलेली आहे की शिळाप्रेसची. शिळाप्रेसमध्ये लेखकाच्या हातचं अक्षर दगडावर घेऊन छापायचे, त्यामुळे ती हस्तलिखितासारखीच दिसते आणि लोक हस्तलिखित म्हणूनच सांगतात. एक भिंग घ्या. हाताने लिहिलेल्या पोथीत बोरूची शाई कुठे दाट कुठे फिकी झालेली कळते, दंड आणि मथळे बऱ्याचदा हिंगुळाने लाल केलेले असतात, चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावलेला असतो. छापील पोथीत शाई पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी, आणि शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव सापडतं. छापलेल्या हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत यांना फार मोठी किंमत येत नाही कारण त्या घराघरात आहेत, पण खूप आधीची छपाई असेल आणि सगळी पानं असतील तर वेगळं. पानं मोजल्याशिवाय पोथी पूर्ण आहे असं कोणाला सांगू नका.

आता यादी, यात शॉर्टकट नाही. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये पुस्तकाचं नाव, लेखक, साल (जसं छापलंय तसंच, शके असेल तर शके), आवृत्ती कितवी, छापखाना आणि गाव, चित्रं नकाशे आहेत का, आणि काय बिघडलंय, फाटलंय, कसर लागलीये, पान नाहीये, ते पण लिहायचं. जुन्या मराठी पुस्तकांवर किती प्रती छापल्या ते पण बऱ्याचदा दिलेलं असतं, ते सोडू नका. आणि दर पुस्तकाचे मोबाईलवर फोटो, मुखपृष्ठ, आतलं शीर्षकाचं पान, त्याची मागची बाजू आणि जिथे खराब झालंय ती जागा. घरातल्या पोरांना बसवलं तर होऊन जातं. एखादं पुस्तक कधीचं, त्याची पहिली आवृत्ती कुठली हे पडताळायचं असेल तर दाते सूची बघा, शंकर गणेश दात्यांची ती मराठी ग्रंथसूची, १८०० ते १९३७ चा पहिला भाग आणि १९३८ ते १९५० चा दुसरा. मोठ्या वाचनालयात बघायला मिळते. एका माणसाने केलेलं केवढं काम आहे ते, बघितलंत की कळेल.

तुमच्या नावांपैकी मोल्सवर्थ आधी बघा. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी वाढवलेली १८५७ ची, आणि १९७५ ला पुण्यातून तिचं पुनर्मुद्रण निघालं, ते बघून लोकांना वाटतं आपल्याकडे १८५७ ची आहे. कागद बघा आणि प्रकाशकाचं पान नीट वाचा. ज्ञानकोशाचे खंड एकूण २३, त्यातले पहिले पाच प्रस्तावनाखंड. सगळे २३ असतील तर संच म्हणून विका, एकही सुटा देऊ नका. सुटे असतील तर अपेक्षा कमी ठेवा, वाचायला तो आता इंटरनेटवर मिळतो, त्यामुळे नुसतं वाचायला घेणारा उरलेला नाही, संच जमवणारा तेवढा उरलाय.

किर्लोस्कर आणि इतिहाससंग्रह यांना मात्र मी वेगळं ठेवीन. किर्लोस्कर आपल्या किर्लोस्करवाडीतून निघायचं, १९२० ला किर्लोस्कर खबर म्हणून सुरू झालं, पुढे त्याच घरातून स्त्री आणि मनोहर ही मासिकं आली. बाइंडिंग करताना त्या काळी कव्हरं आणि जाहिरातीची पानं काढून टाकायची पद्धत होती. तुमच्या अंकांना कव्हरं शाबूत असतील तर ते फार चांगलं, कारण आज संग्राहकाला कथेपेक्षा ती कव्हरं आणि जुन्या जाहिरातीच हव्या असतात. इतिहाससंग्रह तर साताऱ्याचंच, पारसनिसांनी १९०८ पासून चालवलेलं. तसंच कपाटात औंधची काही पुस्तकं निघतात का बघा. सातवळेकर औंधला असताना स्वाध्याय मंडळाने छापलेली वेदांची पुस्तकं, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींची चित्रांची पुस्तकं. चित्रांच्या पुस्तकात एक एक चित्र मोजा, कारण लोकांनी ती कापून फ्रेम करून भिंतीवर लावलीयेत आणि चित्रं गेली की किंमत गेली. वाईच्या मोदवृत्त छापखान्याचं काही दिसलं तर तेही बाजूला. आपल्या जिल्ह्यात छापलेल्या या गोष्टी मुंबईच्या दुकानात ढिगात पडतील, इथे त्या कोणालातरी अभ्यासाला हव्या असतात.

आणि आता खरं ज्याच्यासाठी एवढं लांब उत्तर लिहितेय ते. मोडीचं बाड पुस्तकांबरोबर अजिबात देऊ नका. पंचवीस हजारात नाही, पन्नास हजारात पण नाही. त्या बाडात काय आहे हे तुम्हाला माहीत नाही, आणि बहुतेक घेणाऱ्यालाही माहीत नसतं, तो एक एक कागद सुटा करून विकतो आणि कुठल्या घरातला, कुठल्या गावचा, कशाच्या शेजारी होता हे एकदा तुटलं की परत जुळत नाही. इतिहासकार राजवाड्यांच्या "मराठ्यांच्या इतिहासाची साधने"च्या पहिल्या खंडात पानिपतच्या काळातली पत्रं आहेत, ती वाईतच एका घराण्याच्या दप्तरात मिळाली होती. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेला बसून पटवर्धनी दप्तरातून ऐतिहासिक लेखसंग्रह काढला. आपल्याकडचा सगळा इतिहास असाच घराघरात रुमालात बांधून ठेवलेल्या कागदांतून आलाय आणि कितीतरी तसाच बंबात गेलाय. शिवाय तुमच्या दृष्टीने पण बघा, त्यात सनद असेल, जमिनीचं खत असेल, वाटणीपत्र असेल, उद्या कोर्टात लागू शकतं. तेव्हा बाड जसं बांधलंय तसंच राहू दे, क्रम बदलू नका, आधी वरून फोटो काढा, आणि मोडी वाचणाऱ्याला घरी बोलवून वाचून घ्या. साताऱ्यात मोडी वाचणारी मंडळी आहेत, कोर्टाच्या कामाला वाचून देणारे पण आहेत. ठेवायला जागा नाही म्हणालात तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासून हेच काम करतंय, त्यांच्याशी बोला.

विकायचं म्हणाल तर यादी झाली की तीन-चार ठिकाणी पाठवा. पुण्यामुंबईचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते, कोल्हापूरचे, आणि ज्यांनी पंचवीस हजार सांगितले ते सुद्धा. विक्रेत्याला ते पुस्तक वर्ष वर्ष सांभाळावं लागतं, गिऱ्हाईक शोधावं लागतं, त्यामुळे तो ज्या भावाला विकतो त्याच्या निम्मे पण तुम्हाला देणार नाही, यात राग मानण्यासारखं काही नाही. ऑनलाईन कोणीतरी त्याच पुस्तकाचे वीस हजार लावलेत म्हणून ते वीस हजाराचं होत नाही, तो नुसता मागितलेला भाव आहे, विकलं गेलं का ते बघायचं. आणि "मी फक्त ही आठ-दहा नेतो, बाकीचं तुम्ही बघा" असं कोणी म्हटलं तर आधी त्या आठ-दहांचा वेगळा भाव ठरवा, कारण ती उचलली गेली की उरलेल्याला रद्दीशिवाय कोणी विचारत नाही.

वाचनालयाला द्यायचं मनात असेल तर पोती नेऊन टाकू नका, आधी यादी दाखवा. त्यांच्याकडे पण जागा नाही, ज्या प्रती आहेत त्या परत घेणार नाहीत. नगरवाचनालयाला साताऱ्याचं काय हवंय ते विचारा, संस्कृत आणि धर्मशास्त्राचं वाईच्या प्राज्ञपाठशाळेला विचारा. काय ठेवणार, काय पुढे देणार हे लेखी घ्या, म्हणजे दोन वर्षांनी आजोबांच्या सहीचं पुस्तक फूटपाथवर बघून कोणाला वाईट वाटायला नको.

आत्यांचं राहिलं. दादा, त्या वारस आहेत, मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, त्यांच्या हो शिवाय तुम्ही विकूच नये. पण कायदा बाजूला ठेवा, त्यांना कपाटासमोर बसवा आणि म्हणा आत्या, तुला हवी ती पहिल्यांदा तू काढ. वडिलांनी समासात लिहिलेल्या टिपा कुठल्या पुस्तकात आहेत हे त्यांनाच माहीत असणार. माझा अंदाज, त्या चार-पाच काढतील आणि बाकीच्याला नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न : ताई, आम्ही सांगलीत गावभागात राहतो. २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावरची सगळी पुस्तकं भिजली, वाळवून पोत्यात भरून ठेवलीत, तेव्हापासून उघडली नाहीत. नाटकाची पुस्तकं खूप आहेत, सासरे नाटकवेडे होते. आता याला कोणी घेईल का? वास येतो. — एक वाचक, सांगली

उत्तर : पोती उघडा, पण घरात नको, गच्चीवर किंवा अंगणात सावलीत, तोंडाला मास्क लावून. बुरशी असते ती छातीत जाते. कडक उन्हात पसरू नका, कागद वाकडा होतो आणि बांधणी फुटते. मऊ कोरड्या ब्रशने बुरशी झटका, ओलं फडकं लावू नका. गुळगुळीत कागदावरची चित्रं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका, तो कागद एकदा वाळला की बहुतेक सुटत नाही. सेलोटेप आणि फेव्हिकॉलला तर हात पण लावू नका, सेलोटेपचा डाग कायमचा राहतो. साफ झालेली पुस्तकं उभी, हवा खेळेल अशी ठेवा, शेजारी वेखंडाची पुरचुंडी.

किमतीचं खरं सांगते, साध्या पुस्तकाला पाण्याचा डाग पडला की ते विकत कोणी घेत नाही. गंमत म्हणजे जास्त जुनी पुस्तकं पुरात बरी तगतात, कारण आधीचा कागद चिंध्यांचा असायचा. नंतर लाकडाच्या लगद्याचा आला तो आपोआपच पिवळा पडून तुकडे पडतो. पण वहिनी, तुमचे सासरे सांगलीचे आणि नाटकवेडे, तेव्हा पुस्तकांच्या मधे ठेवलेले कागद जपा. विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर नाटक केलं ते १८४३ मध्ये याच गावात, नाटककार देवल इथलेच. नाटकाची हँडबिलं, तिकिटं, कंपनीच्या जाहिराती, पडद्यामागचे फोटो, पात्रांनी पेन्सिलने खुणा केलेली नाटकाची वही, हे दुसरीकडे कुठे मिळत नाही. पुस्तक छापलेलं असतं, त्याची दुसरी प्रत कुठेतरी असेल, हँडबिलाची नसते. याला डाग असला तरी चालतो. ते एका सपाट फोल्डरमध्ये ठेवा आणि सांगलीतल्या नाट्यसंस्थांना आधी दाखवा, मग विकायचं की द्यायचं ते ठरवा. बाकी कुजलेलं आहे ते टाकून द्या, मनाला लावून घेऊ नका. सगळं वाचत नाही.

प्रश्न : आमच्या घरी एक गीतेची छापील प्रत आहे, घरात म्हणतात ती मिरजेत तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली. पुतण्या अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे ऑक्शनला लावू, मी येताना बॅगेतून नेतो. चालेल का? — एक वाचक, मिरज

उत्तर : नाही, अजिबात चालणार नाही, पुतण्याला आजच सांगा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांच्या वरची ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू धरतात, हस्तलिखित आणि कागदपत्रांना तर ही मर्यादा ७५ वर्षांचीच आहे, आणि खाजगी माणसाने ती देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा. कस्टमला सापडलं तर पोराचं करिअर जाईल. हाताने लिहिलेल्या आणि चित्रं असलेल्या पोथ्या असतील तर त्यांची नोंदणी पण लागते. भारतात विकायला बंदी नाही, पण अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे लायसन्स असावं लागतं, ते त्याला मागा.

आता गीता. नाना फडणविसांच्या मनात गीता तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायची होती, पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील मॅलेट, त्याच्या वेळेपासून कारागीर तयार केला होता, ते काम नाना गेल्यावर राहिलं आणि मग पटवर्धनांच्या आश्रयाने मिरजेत १८०५ मध्ये पुरं झालं. आपल्या गावात झालेलं हे काम, छपाईच्या इतिहासात त्याला फार मान आहे. तुमची प्रत तीच असेल तर पैशात मोजायच्या आधी तज्ज्ञाला दाखवा, नुसतं घरात म्हणतात यावर जाऊ नका, कारण शिळाप्रेसच्या गीता पण भरपूर आहेत. कोरलेल्या पत्र्यावरून छापताना कागद दाबला जातो, त्यामुळे मजकुराच्या भोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला दिसू शकतो, पान तिरपं उजेडात धरून बघा. मिरजेच्या खरे मंदिर वाचनालयात किंवा पुण्याच्या भांडारकर संस्थेत विचारा. तोपर्यंत लॅमिनेशन नाही, नवं बाइंडिंग नाही, आणि कोणालाही "बघून देतो" म्हणून घरी न्यायला देऊ नका. बघायचं तर आपल्यासमोर.

प्रश्न : मी जुन्या पुस्तकांची जाहिरात ऑनलाईन टाकली, पाच मिनिटात एकाचा फोन, भाव न करता घेतो म्हणाला, आर्मीत आहे म्हणतो, क्यूआर कोड पाठवलाय, स्कॅन केलं की पैसे येतील म्हणे. करू का? — एक वाचक, कराड

उत्तर : करू नका, ब्लॉक करा. पैसे यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन तर कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. स्कॅन करून पिन टाकून बसला असाल तर आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा आणि मग बँकेला. आणि जाहिरातीत घराचा पत्ता टाकलाय का बघा, टाकला असेल तर काढा, नुसतं कराड पुरे.